टेम्पोवालं गाणं

चिमणने ते गाणं एका पावसाळ्यात लिहिलं होतं. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या, लग्नं नव्हती, त्याच्या ऑर्केस्ट्राचं सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलं होतं. आगर गावातल्या त्याच्या घरात वडिलांची बोट धाकट्या भावाकडे गेली होती आणि चिमणकडे कीबोर्ड. मुलीच्या पाठवणीचं गाणं हवं, असं लोक नेहमी म्हणायचे, म्हणून तो खपत बसला. चाल पटकन सुचली. शब्दांनी मात्र त्याला फार छळलं. शेवटी जमलं ते असं:

चंद्रकोरीच्या होडीमधुनी निघे लाडकी लेक,
अश्रूंच्या या सागरात मग उठे वादळ एक.

त्या हंगामात त्याने ते प्रत्येक लग्नात वाजवलं. लोक ‘छान आहे’ म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे.

मग धाकटी डहाणू गावात एक लग्न होतं. पाठवणीच्या वेळी नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी काही केल्या सुरू होईना. वऱ्हाड ताटकळलं. तेवढ्यात बंदरावर बर्फ टाकून परत निघालेला टेम्पो कुणीतरी थांबवला. पुढच्या सीटवर नवरा-नवरी बसतील आणि डहाणू रोडला दुसरी गाडी मिळेल, असं ठरलं. नवरीचं रडं आणखी वाढलं. चिमणने ठरल्याप्रमाणे गाणं सुरू केलं, आणि त्याच्या आवाजाच्या वर बायकांच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज चढला. चाल तीच, शब्द वेगळे.

बर्फाच्या टेम्पोमधुनी निघे लाडकी लेक,
जावईबुवा, वास आला तर खिडकी उघडा एक.

नवरी रडता रडता हसली. नवराही हसला आणि त्याने खरंच खिडकी उघडली. गाणारी बाई होती हंसा, धाकटी डहाणूचीच, डहाणू रोडच्या बाजारात मासे विकणारी. लोकांनी आग्रह केला तशी ती पुढे गात गेली, जागच्या जागी जुळवत. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या जिग्नेशने एका हाताने ठेका धरला आणि दुसऱ्या हाताने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. चिमणचे कान तापले. त्याने कीबोर्डचं बटण बंद केलं, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जिग्नेशचं रेकॉर्डिंग गावोगाव पोचलं, आणि त्यानंतर चिमण जिथे जाईल तिथे फर्माईश एकच. ‘ते टेम्पोवालं घ्या.’ तो नाही म्हणायचा, तर बायका टाळ्यांवर स्वतःच गायच्या. रिक्षात, जाळी विणताना, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे तेच. चंद्रकोरीची होडी कुणाला आठवेना. एका घरी तर यजमानांनी त्याला कौतुकाने सांगितलं, “तुम्ही त्या टेम्पोवाल्या गाण्याची नक्कल छान करता.”

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. हंसा कोयत्यावर मुशी मासा कापत होती.

“हंसाताई, तुम्ही ज्या गाण्याची थट्टा करता ना, ते मी लिहिलंय.”

तिचा हात थांबला. “तुमचं? मला वाटलं सिनेमातलं असेल.”

आता हा टोमणा की शाबासकी, ते त्याला कळेना. ती तर मनापासून बोलत होती.

“मला माहीत नव्हतं, भाऊ. तुम्हाला लागलं असेल तर यापुढे नाही गाणार मी. पण चाल काही केल्या तोंडातून जात नाही बघा. त्या चालीत बाई चालताना दिसते. दोन पावलं पुढे जाते, मग मागे वळते.”

चाल बांधताना चिमणच्या मनात हेच होतं. आजवर हे त्याला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. रागावून आलेला माणूस तिथेच उलट्या टोपलीवर बसला आणि म्हणाला, “एकदा सगळं म्हणून दाखवा.”

तिने मुशीचे तुकडे करता करता म्हटलं. सुकटीची चटणी पुरवून खा, सासूला खारट लागली तर आईने केली म्हणून सांग, इथपर्यंत तो हसत होता. मग शेवटचं कडवं आलं:

रुसून माहेरी येऊ नको गं, भरती आली खाडीला,
ओहोटी लागता मीच निघते, पदर खोचून साडीला.

चिमणने चार कडवी अश्रू आणि चांदणं लिहिलं होतं, पण त्यात आई कुठेच काही बोलत नव्हती. इथे ती बोलत होती. येऊ नको म्हणत होती आणि स्वतः निघालीही होती.

“म्हणत राहा तुम्ही,” तो उठताना म्हणाला. “थांबू नका.”

पुढच्या कार्यक्रमापासून तो स्वतःच टेम्पोवालं वाजवू लागला. आधी माइकवर सांगायचा, “चाल माझी, पण गाणं धाकटी डहाणूच्या हंसाताईंचं.”

दोन हंगामांनी हंसाची मुलगी कल्पिता हिचं लग्न ठरलं, तलासरी तालुक्यातल्या झाईला. हंसा चिमणकडे आली.

“भाऊ, कल्पिताच्या पाठवणीला तुमचं खरं गाणं वाजवा. माझं थट्टेचं आहे. आपल्या लेकीला काहीतरी चांगलं हवं.”

चिमणने समजावलं, ती ऐकेना. म्हणून पाठवणीच्या वेळी त्याने चंद्रकोरीची होडी सुरू केली. मंडपात कुजबुज झाली. कल्पिता गाडीपाशी थांबली, वळली आणि म्हणाली, “आई, सगळ्या गावाच्या मुलींसाठी गायलीस. माझ्यासाठी नाही?”

हंसाने तोंड उघडलं. आवाज फुटेना. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

मग चिमणने माइक ओढून घेतला आणि बर्फाचा टेम्पो गायला लागला. लोक हसले, हळूहळू टाळ्या धरल्या. चटणीचं कडवं झालं. शेवटच्या कडव्याला तो चुकला. “ओहोटी लागता मीच निघते, पदर बांधून…”

“खोचून,” हंसा म्हणाली. “बांधून नाही. खोचून.”

आणि चूक सुधारता सुधारता तिचा आवाज मोकळा झाला. तिने ती ओळ नीट म्हटली, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं गाणं, मुलीचा हात हातात घेऊन. चिमण फक्त सुरांनी तिच्या मागे चालत राहिला. एवढं चांगलं आपण आयुष्यात वाजवलं नाही, असं तो नंतर जिग्नेशला म्हणाला.

यंदाच्या हंगामात ऑर्केस्ट्राला तलासरीच्या आतल्या, डोंगराकडच्या एका पाड्यावर बोलावणं आलं. हळदीच्या दुपारी कीबोर्डच्या वायरी जोडताना चिमणला ओळखीची चाल ऐकू आली. बायजी नावाची एक म्हातारी तांदूळ निवडत गात होती.

रुसून माहेरी येऊ नको गं, भात आलं कापणीला,
मळणी होता मीच निघते, फणी न लावता वेणीला.

“कुणाचं गाणं हे, आजी?” त्याने विचारलं.

“आमच्याकडचंच. पहिल्यापासून म्हणतात.”

हे आमचं गाणं, असं सांगायला जिग्नेश पुढे सरसावला तसा चिमणने त्याचा दंड धरला. मग म्हातारीला पुन्हा गायला सांगितलं. ‘निघते’पाशी तिने चाल जराशी वर नेली होती. तिथे त्याने ती कधीच नेली नव्हती, आणि तिथे ती फार गोड लागत होती. त्याने तिला विचारून फोनवर ते रेकॉर्ड केलं आणि परतल्यावर बाजारात हंसाच्या टोपलीशेजारी बसून तिला ऐकवलं.

हंसाने दोनदा ऐकलं.

“फणी न लावता,” ती स्वतःशीच म्हणाली. “माझ्या पदरापेक्षा हे सरस आहे, भाऊ.”

मग तिने ती ओळ म्हणून पाहिली, चाल म्हातारीसारखी वर नेऊन. पहिल्यांदा जमलं नाही, म्हणून तिने फोन पुन्हा लावायला सांगितला.