कपाच्या बुडावरचा चार

मी चार बोलतोय. चार माणसं नव्हे, चार कपही नव्हे. चार आकड्याचा रबरी शिक्का. चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर माझा मुक्काम. माझं बोलणं कुणाला कडू लागलं तर लागू दे. माणसांना आकडे हाताळताना इतकं पाहिलंय, की आता गोड बोलवत नाही.

माझा जन्म साधा. शिक्केवाल्याने रबराच्या एका पट्टीतून आम्हा चौघा भावंडांना कापलं आणि लाकडी मुठी चिकटवल्या. कारखान्यात आल्यावर कामं वाटली गेली. कप तडकलेला असला तर बुडावर एक. काळा ठिपका असला तर दोन. काठ वाकडा असला तर तीन. आणि कान सुटलेला असला तर मी. कान म्हणजे कप धरायची कडी. मला कान का मिळाला? तपासनिसाला ते शेवटी आठवलं म्हणून. तेव्हा चार हे माझं नुसतं नाव. चार नंबरची बस काही दोन नंबरच्या बसच्या दुप्पट लांब जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

साहेबांना कळलं नाही.

गुणवत्ता सुधारायला म्हणून हे साहेब नवे आले. त्यांनी खराब कपांच्या बुडावरचे आकडे घेतले, बेरीज केली, भागाकार केला आणि भिंतीवर लावलं: ‘सरासरी दोष अडीच’. लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यातले दोनच घ्या: एक तडकलेला कप आणि एक कान सुटलेला कप. एक अधिक चार पाच, भागिले दोन, अडीच. म्हणजे काय? अर्धा ठिपका आणि अर्धा वाकडा काठ? ते दोन्ही कप माझ्या ओळखीचे. एकालाही ठिपका नव्हता, आणि काठ दोघांचेही सरळ.

शेजारी वजनकाटा असतो. त्याने चार म्हटलं की ते दोनाच्या दुप्पट भरतं; त्याची बेरीज खुशाल करा. भिंतीवरचा तापमापक अंशांतला फरक चोख सांगतो, पण वीस अंश म्हणजे दहाच्या दुप्पट ऊब नव्हे, हे तोही कबूल करतो. पहिली, दुसरी, तिसरी प्रत असे शिक्के आहेत. त्यांच्यात निदान वर-खाली तरी आहे, किती वर ते मात्र विचारू नका. माझ्यात यातलं काहीच नाही. मला माझी ऐपत ठाऊक आहे. साहेबांना त्यांची नव्हती.

“ही सरासरी वर कोण ओढतंय?” साहेबांनी विचारलं. अर्थात मी. मग त्यांनी कान लावणाऱ्या मावशीला बोलावलं.

“मावशी, तुमचा एक कप बिघडला की तो चार तडकलेल्या कपांइतका पडतो. उद्यापासून तुम्ही पॅकिंगला.”

मावशीच्या शंभर कपांत एखाददुसऱ्याचाच कान सुटे. पण आकड्यापुढे तिने हात टेकले आणि ती बाहेर आली. दाराशी भट्टीवाला उभा होता, तिचा दीर.

“काय वहिनी, तुम्ही चार नंबरच्या, आणि आम्ही एक नंबर! तडे सगळे माझ्या भट्टीचे, तरी बघा.”

“हसा भाऊजी, हसा. माझी जागा जातेय.”

तो ओशाळला. तसाच आत गेला आणि चिडून म्हणाला, “साहेब, मग कानाला एक नंबर द्या न् तड्याला चार. झाली सुधारणा!”

हा टोमणा आहे हे साहेबांना समजलं असतं तर ते साहेब कसले? त्यांना कल्पना पसंत पडली. मी एका दिवसात कानाचा तड्याचा झालो. मावशीला मात्र पॅकिंगला पाठवलंच. दिलेला हुकूम मागे घेणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. तिच्या जागी पॅकिंगमधला एकजण बसवला. कान चिकटवायची पातळ माती तो अशी लावायचा, जणू पाकिटाला तिकीट चिकटवतोय. कान पटापट सुटू लागले. प्रत्येकावर एक, एक, एक. जितके कान सुटत, तितकी सरासरी खाली. भिंतीवर ‘सव्वा’ लागलं आणि साहेबांनी मालकांना चहाला बोलावलं.

चहा आमच्याच कपांतून दिला. मालकांनी कप उचलला. कान बोटांत राहिला, कप मांडीवर.

“किरकोळ आहे मालक,” साहेब रुमाल शोधत म्हणाले, “एक नंबरचाच दोष.”

“किरकोळ? माझ्या मांडीला विचारा! आधी कान कोण लावायचं?”

भट्टीवाला धावतच पॅकिंगमध्ये गेला. “वहिनी, चला. जागा तुमची.”

मावशीने हात पुसले. “आता माझा नंबर कितवा?”

“एक.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि ताठ मानेने जाऊन बसली.

साहेबांची मला कीव येते, टाळ्या वाजवणाऱ्यांची शिसारी. तिच्यावर मात्र मला रागावता येईना.

माझं वरचं एक शिंग झिजलंय. लवकरच नवा चार येईल. त्याच्यासाठी मागतो. त्याला मोजा. शंभर कपांत तो किती वेळा उमटला ते मांडा आणि मग भट्टीकडे बघा. पण त्याची बेरीज करू नका. नावांची बेरीज होत नसते. आणि जमलं तर मावशीला कुणीतरी सांगा: बाई, तू पहिली आलेली नाहीस, चौथीही कधी नव्हतीस. तू लावलेले कान टिकत होते, एवढंच.