जेवणाच्या सुट्टीतला खटला

दारांच्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोर्ट भरायचं. हसू नका, खरंच भरायचं. डबे उरकले की मिस्त्री उलट्या खोक्यावर बसायचा, लाकडी हातोडा मांडीवर घ्यायचा आणि न्यायाधीश व्हायचा. मिस्त्री म्हणजे तिथला सगळ्यांत जुना माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. पंखा कुणाच्या तोंडावर फिरवायचा इथपासून रविवारच्या मॅचमधली पेनल्टी खरी की खोटी इथपर्यंत सगळे निकाल त्याचेच. साक्षीदाराने पेपरात न आलेली गोष्ट सांगितली की हातोडा पडायचा आणि सगळे एका सुरात ‘चूक’ म्हणायचे. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा. आणि निकाल लागल्यावर तो विषय पुन्हा काढायचा नाही. जो काढेल त्याने आठवडाभर चहा करायचा.

ह्या कोर्टात एकच माणूस कधी हरला नव्हता. त्याला सगळे वकील म्हणत. धंद्याने सुतार, दार बसवण्यात हातखंडा. बसवलेलं दार स्वतः एकदा ओढून पाहिल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही, मालक डोक्यावर उभा राहून ओरडला तरी. आणि जीभ म्हणाल तर अशी, की समोरच्याला बोलता बोलता कोपऱ्यात घ्यायची आणि वर त्यालाच हसायला लावायची. घरीसुद्धा तो असाच. बायको काही सांगायला लागली की दुसऱ्या वाक्याला तो तिची उलटतपासणी घ्यायचा. मुलीचं मात्र ऐकायचा. निदान मुलीला तसं वाटायचं.

मुलगी धावायची. चारशे मीटर. कारखान्यात तिला एक्सप्रेस म्हणत. दर शनिवारी दुपारी ती कारखान्यात यायची, तिथून सर तिला गाडीतून मैदानावर घेऊन जायचे. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. बाप सरांवर जीव टाकायचा. देवमाणूस, म्हणायचा, फुकट शिकवतो, वर नेऊन आणतो.

त्या शनिवारी ती लवकर आली. बसमध्ये तिने एक वाक्य पाठ करून आणलं होतं: बाबा, मला सरांबरोबर पाठवू नका. बस्स, एवढंच. बाकीचं बाबा विचारतील तसं सांगायचं. मांडी आखडली म्हणून सरांनी तिला मैदानावरच्या सामानाच्या खोलीत बोलावलं होतं, मलम लावायला. त्यानंतर दोनदा बोलावलं, तेव्हा मांडी आखडलेली नव्हती. आईने ऐकलं तर ती रडत बसेल, हे तिला माहीत होतं. बाबा मात्र ऐकून घेतील, मग हातातलं काम खाली ठेवतील आणि सरांची गाडी येईल तेव्हा दारात उभे राहतील. ह्या एका चित्राच्या जोरावर ती इथवर आली होती. गाडी यायला अजून वेळ होता.

कारखान्यात भुसा उडत होता, डब्यांची झाकणं वाजत होती आणि कोर्ट रंगात आलं होतं. केस होती दहा नंबरची.

दहा नंबर म्हणजे त्यांच्या लाडक्या संघाचा स्ट्रायकर. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या मुलीने त्याच्यावर तक्रार केली होती. पुरावा नाही म्हणून तो सुटला होता आणि आज सकाळी संघाने त्याला कॅप्टन केलं होतं. वकील खूश होता. पॉलिशवाला दुसऱ्या संघाचा, त्यामुळे त्याला एकाएकी न्यायाचा पुळका आला होता. त्या पोरीचं ह्याला काडीचं पडलेलं नव्हतं, दहा नंबरने त्याच्या संघाला तीन गोल मारले होते हे खरं दुखणं.

“असल्या माणसाला कॅप्टन करतात? लाज पाहिजे थोडी,” पॉलिशवाला म्हणाला.

“कोर्टाने सोडलंय त्याला. तू कोण लागून गेलास?” वकील म्हणाला. त्याला ती केस तोंडपाठ होती. कुठला वार, कुठला मजला, कुणी काय साक्ष दिली, सगळं. पोरीच्या वाढदिवसाची तारीख बायकोला विचारणाऱ्या माणसाला दहा नंबरच्या केसमधल्या तारखा मात्र झोपेतही आठवायच्या.

“फिर्यादी पाहिजे,” मिस्त्री म्हणाला. “फिर्यादीशिवाय केस कशी चालवणार?”

मघापासून फिर्यादी म्हणून पॉलिशवालाच डोक्यावर फडकं घेऊन, आवाज बारीक करून मुरके मारत होता आणि सगळे पोट धरून हसत होते. तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं.

“ही काय आली खरी फिर्यादी. ये गं एक्सप्रेस, बस इथे.”

“बाबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं,” ती म्हणाली. “बाहेर या ना जरा.”

“बोलू गं, बोलू. पाच मिनिटं बस. ह्यांना जरा सरळ करतो, मग येतो.”

ती नाही म्हणणार होती. पण साक्षीदारासाठी मांडलेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिच्या मनात भलतंच आलं. बाबा जगात कुणाचं कान देऊन ऐकत असतील तर ते साक्षीदाराचं. एकेक शब्द पकडतात. नुसतं वाक्य सांगितलं तर आपल्याला रडू फुटेल, किंवा ते म्हणतील, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. त्यापेक्षा इथे बसून, त्या दुसऱ्या मुलीच्या नावाने, जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. बाबा हुशार आहेत, त्यांच्या लक्षात येईल. बिचारी पोर! खुर्चीत बसली, बॅग पायाशी ठेवली.

“हां, तर बाई,” वकिलाने कानामागची पेन्सिल काढून हातात धरली, “त्या दिवशी आरोपीने तुम्हाला कुठे बोलावलं?”

“सामानाच्या खोलीत.”

हातोडा पडला. “चूक,” सगळे ओरडले.

“हॉटेलची खोली, तिसरा मजला,” वकील हसत म्हणाला. “बाई, सुरुवातच खोट्याने करताय? बरं, पुढे. कशाला बोलावलं?”

“मलम लावायला. पाय आखडला होता म्हणून.”

पुन्हा हातोडा. पॉलिशवाल्याने कपाळावर हात मारला. “अगं, चादर बदलायला बोलावलं होतं. पेपर वाचत नाहीस का? तुझ्यामुळे मला चहा करायला लागेल.”

“थांब रे,” मिस्त्री म्हणाला, “पोरगी रंगवून सांगतेय. सांगू दे.”

“मलम,” वकील म्हणाला आणि भुशात दोन पावलं फिरला. “कसलं मलम?”

“हिरव्या डबीतलं. वास येतो त्याला. कपड्यांना राहतो.” तिने बापाकडे बघितलं. त्या वासाचे कपडे आईने दोनदा धुतले होते आणि बाबाच म्हणाले होते, काय उग्र वास आहे गं ह्या मलमाला. “घरी आल्यावर बाबासुद्धा म्हणाले होते.”

वकिलाची पेन्सिल थांबली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. तो जरा वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाळा, बरं नाही वाटत का तुला?”

झालं. समजलं त्यांना. तिने तोंड उघडलं, ते पाठ केलेलं वाक्य ओठावर आलं.

“वकील घाबरला रे,” पॉलिशवाल्याने फडकं हवेत फिरवलं. “स्वतःच्या पोरीपुढे वकिलाची दातखीळ बसली. लावा निकाल, मिस्त्री. आज वकिलाच्या हातचा चहा.”

सगळे टाळ्या पिटायला लागले. आणि वकील सरळ झाला. कधी न हरलेला माणूस तो, तोही एका पॉलिशवाल्याकडून हरायचा? पेन्सिल पुन्हा हातात फिरायला लागली.

“घाबरतोय कोण? बाई, तुम्ही म्हणता बाबा म्हणाले. मिस्त्री, नोंद घ्या. फिर्यादीचे वडील ती लहान असतानाच वारलेत. पेपरात आलंय.”

हातोडा असा पडला की खोकं हललं. “चूक!” हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं, पण त्या हसण्यात ते खपून गेलं.

“आता दाराचं सांगा,” वकील म्हणाला. इथे तो खरा पेटायचा, कारण दार म्हणजे त्याचा प्रांत. दहा नंबर सुटला तोच मुळी दारावर. हॉटेलचं दार आतल्या माणसाला कडी काढून केव्हाही उघडता येतं, मग ती बाहेर का आली नाही, हा मुद्दा कोर्टात कुणा मोठ्या वकिलाने मांडला होता आणि ह्याला तो स्वतःचाच वाटायचा. “दार बंद होतं?”

“त्यांनी लावून घेतलं.”

“कडी आतून की बाहेरून?”

“आतून.”

“आतून,” तो सगळ्यांकडे वळला. “मी इतकी वर्षं दारं बसवतोय. आतली कडी आतल्या माणसाच्या हाताशी असते. हात वर करायचा, कडी काढायची, बाहेर यायचं. लहान मूल करेल. का नाही आलात बाई?”

“ते दाराला पाठ लावून उभे होते.”

“धावता येत नव्हतं?”

ती चारशे मीटर धावायची. कारखान्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

“पाय हलले नाहीत,” ती म्हणाली.

“पाय हलले नाहीत,” वकिलाने तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं, हुबेहूब, तोंड वेडावून. घरी ती लहान असताना तो असाच तिची नक्कल करायचा आणि ती खिदळायची. “आणि नंतर? लगेच कुणाला सांगितलं?”

“नाही.”

“का?”

“सांगायला आले होते,” ती म्हणाली. “ज्याला सांगायचं होतं तो ऐकत नव्हता.”

“वा!” वकील म्हणाला. “म्हणजे आता दोष ऐकणाऱ्याचा. मिस्त्री, खोली खोटी, मलम खोटं, मेलेला बाप जिवंत, कडी हाताशी, पाय धडधाकट आणि तोंड बंद. अशा बाईच्या शब्दावर एका चांगल्या माणसाचं वाटोळं करायचं?”

मिस्त्रीने विचार केल्यासारखं केलं आणि हातोडा आपटला. दहा नंबर निर्दोष. फिर्यादी खोटारडी. चहा फिर्यादीने करायचा, खुर्चीत पोर बसली होती तेव्हा पोरीनेच. पॉलिशवाल्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

तिने चहा केला. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं ठेवून उभी राहिली आणि एकदाही मागे वळली नाही. मागे पाठ थोपटणं चाललं होतं. “काय काम केलं पोरीने. खरंच वाटत होतं रे, अंगावर काटा आला.”

ती कप भरत होती तेव्हा बाहेर हॉर्न वाजला आणि सर आत आले. उंच, हसरे, गळ्यात शिट्टी. बापाने धावत जाऊन स्टूल पुसून दिलं.

“सर, तुम्ही जरा आधी यायला हवं होतं. आमच्या कोर्टात आज हिने काय साक्ष दिली म्हणून सांगू.” आणि त्याने सगळं पुन्हा करून दाखवलं, तिच्या आवाजात. सामानाची खोली म्हणे. हिरव्या डबीतलं मलम म्हणे. आतून कडी म्हणे. दाराला पाठ लावून उभे म्हणे.

सर कप हातात धरून ऐकत होते. पहिल्यांदा त्यांचं हसू जरा आखडलं. मग बाप हसतोय, मिस्त्री हसतोय, सगळा कारखाना हसतोय हे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि ते सैल होऊन बसले. चहाचा घोट घेतला.

“मग निकाल काय लागला?” त्यांनी विचारलं.

“निकाल काय लागणार? उभी आडवी सोलली तिला. एक शब्द टिकला नाही.”

“शाब्बास,” सर म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले. “कल्पनाशक्ती दांडगी आहे हो हिची.”

“बापावर गेलीय,” वकील म्हणाला.

सरांनी कप ठेवला. “चला, निघू या. आज पाय नीट बघायला हवा तुझा. परवा लंगडत होतीस.”

ती परवा लंगडत नव्हती. तिने शेगडी बंद केली, हात ओढणीला पुसले आणि बापासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

“बाबा, मला सरांबरोबर पाठवू नका.”

सरांचा हात शिट्टीवर गेला. मग मिस्त्रीने सवयीने हातोडा उचलला आणि खोक्यावर आपटला.

“निकालानंतर विषय काढला. आठवडाभर चहा.”

छप्पर उडेल असे हसले सगळे. वकील तर खाली बसला हसता हसता. “अगं पोरी, बास आता, पुरे झालं नाटक,” तो डोळे पुसत म्हणाला. “सरांना काय वाटेल? चल, नीघ, उशीर होतोय त्यांना.”

त्यानेच तिची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत नेली. ती मागून चालत गेली, पाय हलत होते तेवढे हलवत. सर गाडीत बसून गाडी सुरू करत म्हणाले, “तिकडचं दार जरा बिघडलंय, नीट लागत नाही. जोरात लावा.”

“मला सांगता होय?” वकील हसला.

तो उघड्या दारातून आत वाकला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “सर सांगतील तसं कर.” मग त्याने दार लावलं, आणि बरोबर लागलंय ना, ते एकदा ओढून पाहिलं.