तक्त्यात न मावलेली फांदी

ताईने वाकून अंथरुणाला खिळलेल्या आईच्या हवेच्या गादीची मोटर बंद केली. ती अखंड घरघर थांबली तसं घर एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं. पंखे आधीच बंद होते. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा, म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

"चल मास्तरीण, बोल," ताई दारातून कुजबुजली. "आणि फार ताणू नकोस. गादी जास्त वेळ बंद ठेवता येत नाही."

मधलं दार ओढून घेऊन ती आत आईपाशी गेली.

धाकटीने कोमट पाण्याचा घोट घेतला. घसा पार बसला होता. आठवडाभर ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी पाठ रेकॉर्ड करायला आईच्या घरी यायची. तिचं स्वतःचं घर हमरस्त्यावर. तिथे एक वाक्य हॉर्नशिवाय पुरं होईल तर शपथ. हे घर मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. इथे जी काही शांतता कमी पडायची, ती ताई करून द्यायची.

खिडकीवर रजया टांगलेल्या, पुस्तकांच्या थप्पीवर कॅमेरा. बाजूला धाकटीची शाळकरी मुलगी दिवा धरून उभी. तिला सगळे टकळी म्हणत, आणि पाठ चालू असताना तोंड मिटून उभं राहायचं म्हणजे तिला जन्मठेप वाटायची.

"शहरं कशी वाढतात, ते आज पाहू," धाकटी कॅमेऱ्याला म्हणाली आणि लगेच अडखळली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तिथेच अडखळली.

"आई, शहर वाढेनाच की," टकळी पुटपुटली.

"गप्प बस."

तिसऱ्यांदा मात्र जमलं. बोलता बोलता धाकटीची नजर टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनकडे जात होती. त्यात सकाळपासून संयोजक बाईंचा निरोप पडून होता. हे सगळे पाठ एका मोकळ्या संकेतस्थळावर जायचे, आणि ते काम त्या बाई बघायच्या. कुठल्याही कॉलेजने पाठ घ्यावेत, वर्गात दाखवावेत, हवे तसे कापावेत-जोडावेत. पैसा नको, परवानगी नको. जिथे या विषयाला कधी शिक्षकच नेमला गेला नव्हता, अशा कॉलेजांच्या भिंतींवर आता धाकटीचा चेहरा उमटायचा आणि समोर मुलं वह्या उघडून बसायची. इतकी वर्षं ती आपल्या एका वर्गापुरती मास्तरीण होती. आता कुठल्या कुठल्या गावची मुलं तिला 'मॅडम' म्हणून प्रश्न विचारत होती. थकून घरी आलं तरी ते प्रश्न वाचले की तिला बरं वाटायचं.

निरोपात लिहिलं होतं: दुसरी मालिका तुम्हीच करावी, वर्षभराचं काम आहे, आज उत्तर द्या.

आणि पहिल्या मालिकेच्या सुरुवातीला धाकटीने ताईला शब्द दिला होता, पाठ संपले की आईला मी नेते. ताई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बरं." दूरच्या गावी ताईची एक मैत्रीण रोपवाटिका चालवायची. 'ये गं, माझे दोन हात पुरत नाहीत,' असं ती कधीची मागे लागलेली. मघाशी आत येताना धाकटीला कपाटावरची जुनी सुटकेस खाली काढलेली दिसली होती. तिच्यावरची धूळ पुसलेली होती.

आजचा पाठ शेवटचा होता. 'ताई, आणखी एकच वर्ष,' हे वाक्य धाकटीने येताना रस्ताभर घोळवलं होतं. कॅमेऱ्यापुढे ती अडखळत होती ते शहरांमुळे नव्हे.

"धन्यवाद. भेटू," ती शेवटी म्हणाली.

टकळीने दिवा खाली ठेवला आणि श्वास सोडला. "संपलं एकदाचं. माझा हात आता माझा राहिलेला नाही."

आतून मोटरीची घरघर पुन्हा सुरू झाली. ताई बाहेर आली ती मनगट चोळत. तिने नळाचं फडकं सोडलं आणि चहा टाकला.

तिघी टेबलाशी बसल्या. कुणाच्याच अंगात बोलायचं त्राण नव्हतं, टकळी सोडून. तिने संगणक पुढे ओढला.

"मावशी, तुला गंमत वाचून दाखवते. आईच्या नात्यांच्या पाठाखाली मुलांनी काय काय लिहिलंय बघ."

"नंतर गं," धाकटी म्हणाली.

"वाचू दे की," ताई म्हणाली. "इतके दिवस पंखा बंद करून घाम गाळलाय. कशासाठी ते तरी कळू दे."

टकळी ऐटीत वाचायला लागली. "पाठात एक तक्ता आहे, नात्यांचा. आणि खाली आईने प्रश्न विचारलाय. 'तक्त्यातली आजी अंथरुणाला खिळली आहे. तिचं कोण करत असेल? त्या व्यक्तीवर बोट ठेवा आणि कारण सांगा.' आता उत्तरं ऐक. एक जण म्हणतो, सून करत असेल, कारण सुना करतातच."

"याचं लग्न ठरत नसणार," ताई म्हणाली.

"दुसरी म्हणते, सून परदेशात आहे, ती काय फोनवरून कूस बदलणार? मुलगीच करत असेल."

"ही हुशार आहे. बघू तरी तुझा तक्ता."

धाकटीने कप खाली ठेवला. तो तक्ता तिने आपल्याच घरावरून काढला होता. नावं नव्हती, फक्त नाती. पण वरती आजी-आजोबा, आजोबांच्या चौकटीला तुटक रेष, म्हणजे ते गेलेले. एका बाजूला परदेशातला मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन मुलं. दुसऱ्या बाजूला कॉलेजात शिकवणारी मुलगी, तिचा नवरा, एक नात. घरातल्या माणसाला ओळखायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ताईने चष्मा लावला. बोटाने रेषा धरून ती हळूहळू खाली आली, दादावरून वहिनीवर, वहिनीवरून धाकटीवर. मग बोट पुन्हा आजीवर नेलं आणि दुसऱ्या वाटेने खाली आणलं.

"मावशी, तू नाहीस यात," टकळी म्हणाली. म्हणाली आणि मग तिलाच ते ऐकू आल्यासारखी आईकडे बघायला लागली.

"अगं, फोनच्या पडद्याचा प्रश्न होता," धाकटी म्हणाली. "मुलं फोनवर बघतात. तीन फांद्या काढल्या की अक्षरं मुंगीएवढी होतात. संयोजक बाई म्हणाल्या, एक फांदी कमी करा. दादाची वगळली तर नणंद जाते, भावजय जाते, आत्या, मामा-मामी सगळंच जातं. माझी वगळली तर जावई जातो. मग..."

"मग माझी," ताई म्हणाली.

"तुझ्या फांदीतून शिकवायला नवीन नातं निघत नव्हतं. तेवढ्यापुरतंच गं."

"निघणार कुठून? नवरा नाही, सासू नाही, दीर-जाऊ नाही." ताईने चष्मा काढून पदराने पुसला. आवाजात कुठेही टोक नव्हतं. भाजीवालीने मेथी संपली म्हणून सांगावं तशी ती बोलत होती. "तुझंही बरोबर आहे. माझ्याशी येऊन रेघ संपतेच."

"पण मावशी हे नातं आहे ना?" टकळी म्हणाली. "मला आहे की मावशी."

"ते मी तोंडी सांगितलंय पाठात."

"म्हणजे मावशी तोंडी परीक्षेला."

कुणी हसलं नाही. टकळीने घाईघाईने पुढचं उत्तर वाचायला घेतलं, विषय बदलेल म्हणून. "हे बघ, हे मोठं आहे. 'मी मुलीवर बोट ठेवले. तिला दुसरी बहीण नाही. भाऊ लांब आहे. ती नोकरी करते, स्वतःचा संसार करते आणि वर आईचे अंथरूण बघते. तक्त्यात ती एका चौकटीत दिसते पण ती तीन माणसांचे काम करते. तिला कोणी विचारते का?'"

आता मात्र ताई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग तिला आवरेनाच. डोळ्यांना पाणी आलं.

"विचारतो ना," ती म्हणाली. "आत्ताच चहा विचारला."

धाकटीची मान वर होईना. ते उत्तर लिहिणाऱ्या मुलीला तिने स्वतःच शाबासकी दिली होती. 'फार छान निरीक्षण,' असं तिचंच वाक्य खाली दिसत होतं. लिहिताना आपण कुठल्या मुलीबद्दल बोलतोय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"बदलून टाक ना, आई," टकळी म्हणाली. "एक फांदी तर वाढवायची."

"इथे बदलता येईल. पण कॉलेजांनी तो केव्हाच उतरवून घेतलाय. कुणी छापून भिंतीवर लावलाय. कुणी आपल्या पाठात जोडलाय. मोकळा सोडलेला आहे तो, आता कुणाकुणाकडून परत आणू?"

"राहू दे," ताई म्हणाली. "मला काय त्या मुलांकडे लग्नाला जायचंय? उत्तर चुकलेलं नाही त्यांचं. होतं त्यातूनच त्यांनी शोधलं." ती उठली. "आईला कुशीवर वळवायची वेळ झाली."

टेबलावरचा फोन थरथरला. संयोजक बाई. धाकटी तो घेऊन गॅलरीत गेली. गॅलरी दोन्ही खोल्यांना लागून होती.

"मॅडम, तुमच्या उत्तराची वाट बघतोय आम्ही," बाई म्हणाल्या. "इतकी मागणी आहे पाठांना. तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यासमोर येत नाही."

"हो," धाकटी म्हणाली. हे असं कुणी आपल्याला म्हणावं याची तिने किती वाट पाहिली होती. 'हो'च्या पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं.

आतल्या खोलीची खिडकी उघडी होती. ताईने एक हात आईच्या खांद्याखाली घातला होता, दुसरा कमरेखाली, आणि स्वतःचा गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून ती जोर लावत होती. आई वजनाने काही फार नव्हती, पण सगळी ओझ्यासारखी सैल पडलेली. वळवून झाल्यावर ताईने तिची पाठ तळव्याने चाचपली, थोडं थोडं करत, खालपर्यंत. एका जागी थांबली. मलम घेतलं.

"मॅडम? ऐकू येतंय ना?"

"येतंय," धाकटी म्हणाली. मोटर बंद असताना दार लोटून ताई आत काय करत बसायची, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला वाटायचं, बसून राहते; ती तर गादीचं काम असं हातांनी करत असायची. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा अडखळून आपण पाठ पहिल्यापासून घ्यायचो, तेव्हाही.

"मग मी हो समजू?"

"नाही," धाकटी म्हणाली. "यंदा नाही जमायचं. आई येतेय माझ्याकडे राहायला."

"अहो, पण एखादी बाई ठेवता येईल. त्यात काय एवढं?"

"ठेवेन कदाचित. पण आधी ते मला तरी करता यायला हवं." मग काही तरी म्हणायचं म्हणून ती पुढे म्हणाली, "माझे पाठ मोकळेच आहेत. ज्याला कुणाला घ्यायचे, त्याला घेऊ द्या. तक्त्यात मात्र एक फांदी कमी आहे, तेवढं सांगा. मी नवा पाठवते."

तिने फोन ठेवला. मोठं काही केल्यासारखं तिला वाटलं नाही. हातातलं जड काही तरी खाली ठेवलंय आणि दुसरं, त्याहून जड, उचलायचंय, एवढंच वाटलं.

ती आत गेली. ताईने फोनबद्दल काहीच विचारलं नाही. गॅलरीतलं बोलणं या खोलीत स्पष्ट येतं, हे दोघींनाही लहानपणापासून माहीत होतं. घरातली सगळी भांडणं त्यांनी याच खोलीत बसून ऐकली होती.

"हिला कुठल्या कुशीवर झोप लागते?" धाकटीने विचारलं.

ताई तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर प्रश्न विचारायचा धंदा करणाऱ्या या बहिणीने उत्तर माहीत नसलेला प्रश्न बहुतेक पहिल्यांदाच विचारला होता.

"डाव्या. पण डाव्या बाजूला जास्त ठेवायचं नाही, तिकडची कातडी नाजूक झालीय."

"थांब, लिहून घेते."

"लिहून काय घेतेस? हात धू आणि ये इकडे."

धाकटी हात धुऊन आली. ताईने तिचा पंजा धरून आईच्या खांद्याखाली सरकवला. "असा. बोटं नको रुतवूस, तळवा लाव. आता दुसरा कमरेखाली. गुडघा टेक. कमरेतून वाकलीस तर उद्या तूच इथे शेजारी झोपशील."

"हा हात का तो?"

"तो. अगं तो. मास्तरीण, डावा कुठला ते तरी ठाऊक आहे ना?"

दारात टकळी येऊन उभी होती. चक्क गप्प होती.

धाकटीने जोर लावला. आई अर्धवट वळली आणि मध्येच अडकली. ताई पुढे झाली नाही. तिने हात मागे बांधून घेतले, आणि ते तिथे ठेवायला तिला कष्ट पडत होते.

"अजून थोडं. हां."

आई वळली. डोळे मिटलेलेच होते, पण कपाळाला आठी पडली.

"कोण गं आज?" तिने विचारलं. "हात वेगळा लागतोय. नवीन बाई ठेवलीस का?"

धाकटीने ताईकडे बघितलं.

"नवीनच आहे, आई," ताई पांघरूण ओढत म्हणाली. "शिकेल."