निवारणबाबूंचे तीन पाय

खट्... खट्... खट्. भाद्रपदातल्या ओलसर उन्हात हे तीन आवाज आले की ओळखावे, फोटोग्राफर निवारणबाबू डमडमहून येऊन पोचले. ट्रायपॉडच्या पायांचे खटके ते असे सोडवत, जणू झोपलेल्या लेकराच्या मुठी उघडताहेत. आधी वरच्या जाड नळ्या, मग मधल्या, आणि बोटाएवढ्या बारीक खालच्या नळ्या अगदीच नड पडली तर. शरदाचे ढग जसे कुणी न उचलता उंच जातात, तसा तो ट्रायपॉड वर येऊन त्यांच्या छातीशी थांबे. हे मी कौतुकाने लिहीत नाही. पोटात जळल्याशिवाय माणूस दुसऱ्याचे हात इतके निरखून बघत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. एस्प्लनेडच्या गल्लीत माझा स्टुडिओ. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती पाण्यात उतरण्याआधी घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा मूर्तीसकट एक फोटो होतो, तो माझा. बदलीवरचे बँकवाले साहेब आले नि गेले, कॅमेऱ्यामागे मीच. या अफाट नगरीने मला दुसरा मान दिला नाही, आणि मीही हात पसरला नाही.

मग एका वर्षी माझा ट्रायपॉड कलंडला. वारा होता, असे मी सगळ्यांना सांगितले. वारा नव्हता. माणसे वरच्या पायऱ्यांवर, मी खाली नदीच्या अंगाला. अशा उतारावर दोन पाय खाली हवेत आणि एक वर. मी उलटे मांडले आणि सगळा भार नदीकडच्या एकट्या पायावर आला. कॅमेरा छातीवर झेलला, पण लोक हसायचे ते हसलेच. पुढच्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरी कुलकर्णीवहिनी स्टुडिओत आल्या.

"शिंदेकाका, यंदा तुम्ही निवांत फोटोत उभे राहा."

"का? आंधळा झालो मी?"

"तसं नाही हो. निवारणबाबूंना सांगून झालंय."

"सांगून झालंय, मग मला कशाला विचारता?"

"विचारत नाहीये, काका. झब्बा घालून या."

झब्बा घालून गेलो. आणि यांचाही ट्रायपॉड आज सगळ्यांदेखत आडवा होऊ दे, असे गणपतीच्याच शेजारी उभा राहून गणपतीला विनवीत होतो.

निवारणबाबूंचे केस नदीकाठच्या काशगवताच्या फुलांसारखे पांढरे, शरीर वेताच्या छडीसारखे, आणि चालण्यात भरतीच्या पाण्याची ती न दिसणारी, पण पायरी-पायरीने वर येणारी गती. त्यांनी चपलेने शेवाळ खरवडले, दोन पाय खालच्या पायरीवर रोवले, तिसरा आखूड करून वर टेकवला, आणि मधोमध आपली पिशवी लटकवली, म्हणजे भार जमिनीकडे राहील. मग वैद्याने नाडीवर हात ठेवावा तसा तळवा कॅमेऱ्यावर ठेवून ते थांबले. पाणी, घंटा, माणसांचा कलकलाट, सगळे त्या तळव्याखाली निवत गेल्यासारखे वाटले. इतकी शांतता माझ्या हातांना एवढ्या वर्षांत कधी आली नव्हती.

आणि त्यांनी मला हाक मारली. "शिंदेदा, एक बार देखे निन तो, सोजा आछे कि ना?"

सरळ आहे का, हे मला विचारत होते! सगळे मंडळ बघत होते. मी खाली उतरलो. पातळी दाखवणारा बुडबुडा काचेत नेमका मध्यावर होता, कमळाच्या पानावरचा थेंब असावा तसा. मी मान हलवली.

"डावीकडे झुकलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत हसू आले आणि विरले. "ठीक बोलेछेन," म्हणाले, आणि खालच्या स्क्रूवर बोटे ठेवली. फिरवली नाहीत; नुसती ठेवली, आणि काढली. बुडबुडा जागचा हलला नाही. माझा शब्दही राहिला आणि त्यांचा कॅमेराही सरळ राहिला. मी वर मूर्तीशेजारी परतताना वहिनी कुणाला तरी म्हणाल्या, "बघा, काकांची नजर अजून पक्की आहे हो!" त्या क्षणी माझ्या मनात जे पेटले, त्याला नदीभर पाणी पुरले नसते. माणसाने जिंकावे, पण हरणाऱ्याची लाजही आपणच झाकावी, इतकी श्रीमंती एकाच माणसाकडे का असावी?

गेल्या पौषात निवारणबाबू गेले. वहिनी म्हणाल्या, काका, आता पुन्हा तुम्हीच.  मी त्या पहिल्या वर्षीचा फोटो तेवढा कपाटातून काढून बघत बसलो. त्यात सगळी माणसे कॅमेऱ्याकडे बघताहेत. एकटा मी जरा खाली, कॅमेऱ्यामागच्या त्या बोटांकडे. काळ माणसाला चित्रातून किती सफाईने वगळतो! निवारणबाबू त्या फोटोत कुठेच नाहीत. आहेत ते फक्त माझी जळकी नजर जिथे जाऊन थांबली आहे, तिथे.