सोडलेला साक्षीदार

चंदीगडच्या कोर्टात सरकारी वकिलांच्या खोलीबाहेर एकच बाक होतं. मेलेल्याची बायको, खून पाहिलेला साक्षीदार आणि आरोपीचा बाप, तिघांनाही त्याच बाकावर खेटून बसावं लागे. दुसरी जागाच नव्हती हो! सरकारी वकील शैलजा नगरकर यांनी आणखी एक बाक मिळावं म्हणून दोनदा अर्ज केला होता. पुढे काय होणार? अर्ज गेले फायलीत.

नव्वद सालचा मे महिना. चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्याचे कापडवाले गुरदयालसिंग अतिरेक्यांनी पुकारलेल्या बंदच्या दिवशी दुकान अर्धं उघडून बसले, एवढाच त्यांचा गुन्हा. स्कूटरवरून दोन पोरं आली आणि गोळ्या घालून गेली. त्यातलं एकच सापडलं. हे सगळं शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून पाहिलं होतं सदाशिव टिल्लू यांनी. केंद्र सरकारच्या कचेरीतला साधा माणूस, बदलीवर आलेला, तुळशीला पाणी घालत उभा होता. दुसरा साक्षीदार नाही. टिल्लू बोलले तर खटला उभा, नाहीतर आडवा.

सात तारखा टिल्लू आले आणि सातही वेळा तसेच परत गेले. एकदा न्यायाधीश रजेवर, दोनदा वकिलांचा संप, तीनदा पोलीस कमी म्हणून आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, एकदा टाइप करणारा आजारी. दर वेळी माणूस घरातून निघताना देवाला हात जोडून निघायचा, आणि संध्याकाळी शैलजाबाई त्याला सांगायच्या, पुढची तारीख घ्या. सांगताना त्यांनाच लाज वाटायची. बारा वर्षं हेच करून बाई थकल्या होत्या, अगदी हाडांपर्यंत.

आज आठवी तारीख, खुनाला वर्ष होत आलेलं. टिल्लू साडेनवालाच खोलीत शिरले. एका बसनं येत जाऊ नका, असं शैलजाबाईंनीच बजावलेलं असल्यामुळे गुरदयालसिंगांची बायको हरबन्सकौर अजून यायची होती. टिल्लूंनी दाराखालून कोणी सरकवलेली एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांच्या मुलीच्या शाळेचं नाव, रिक्षा किती वाजता येते, कुठल्या कोपऱ्यावर वळते. बाकी काही नाही.

"बाई, आता नाही होत माझ्याच्यानं," ते म्हणाले. "जूनमध्ये बदली आहे. तेवढे दिवस पोर जिवंत राहू दे."

"अहो टिल्लूसाहेब, संरक्षणासाठी मी दोन पत्रं पाठवलीत."

"उत्तर?"

"विचाराधीन आहे."

टिल्लू हसले.

साक्षीदाराला मोकळं करायला या कोर्टात एक ओळ पुरते. 'अनावश्यक म्हणून सोडला.' सरकारी वकिलानं न्यायाधीशांपुढे एवढंच म्हणायचं, टाइप करणारा टकटक करतो, संपलं. पुन्हा त्या माणसाला कोणी बोलवत नाही. फुटलेल्या, घाबरलेल्या, पळालेल्या कितीजणांना बाईंनी असंच सोडलं होतं. 'बसा बाहेर,' त्या म्हणाल्या आणि उठल्या. न्यायाधीश आज वेळेवर आले होते, आणि वेळेवर आलेला न्यायाधीश किती वेळ बसेल याचा काय भरवसा! अकराच्या आत ओळ लिहून झाली. एका माणसाचा जीव तरी वाचवला, असं वाटून त्यांना कितीतरी महिन्यांनी जरा बरं वाटलं.

बाहेर हरबन्सकौर येऊन बसली होती. आज संकष्टी, टिल्लूंचा उपास, हे तिला ठाऊक. त्यांच्या बायकोला, सुमनला, विचारून विचारून तिनं साबुदाण्याची खिचडी केली होती. पाणी जास्त झालेलं, पार गोळा झालेला. भावाला हाक मारावी तशी 'वीरजी' म्हणत तिनं डबा पुढे केला. टिल्लूंनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकाच्या टोकाला आरोपीचा बाप मान खाली घालून बसला होता. डबा बंद करून टिल्लू उठले, ते थेट शैलजाबाईंच्या समोर.

"बाई, माझा पुकारा करा. मी बोलतो. पोरीला उद्याच सुमनबरोबर पुण्याला धाडतो, पण आज बोलतो."

ओळ तर लिहून झाली होती. बाई तशाच आत धावल्या. हात जोडून म्हणाल्या, साक्षीदार हजर आहे, माझी चूक झाली. आरोपीचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मनात आणलं असतं तर ते बोलावू शकत होते. पण पुढे चाळीस फायली होत्या.

"मॅडम, तासाभरापूर्वी तुम्हीच अनावश्यक म्हणालात. सरकारचा पुरावा संपला. पुढचं प्रकरण."

दुपारी निकालही झाला. निर्दोष. आरोपीच्या बापानं बाईंपुढे हात जोडले. त्या बघूही शकल्या नाहीत.

हरबन्सकौरला वाचता येत नसे. तारीख टिल्लूच तिच्या औषधाच्या खोक्यावर लिहून देत, आणि आताही ते सवयीनं पेन उघडून उभे होते.

"लिहा वीरजी. कितीची, बीबीजी?" तिनं शैलजाबाईंना पंजाबीत विचारलं.

"आता तारीख नाही," शैलजाबाई म्हणाल्या.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे जिंकलो?"

खोटं बोलावं, असं क्षणभर आलं बाईंच्या मनात. मग त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, ती ओळ, अकरा वाजता आपण काय केलं ते. टिल्लू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हरबन्सकौरनं खोकं पिशवीत टाकलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"वीरजींना सोडा, असं मीच सांगितलं असतं, बीबीजी," ती म्हणाली. "त्यांची पोर माझ्याच अंगणात खेळते. पण माणूस माझा मेला होता. एकदा मला विचारायचं होतंत."