‘सोड’ म्हणायची चोरी

मास्तरला एक खोड होती. चारचौघांत बायकोचं कौतुक करायची. आता कौतुक कुणाला नको असतं? पण याचं म्हणजे कौतुक बायकोचं आणि पीळ स्वतःच्या मिशांना.

“इतकी वर्षं हिला बांधतोय,” भिंतीकडेने बसलेल्या जोडप्यांना तो सांगत होता, “पण हिने एकदाही ‘सोड’ म्हटलेलं नाही!”

जोडप्यांनी माना डोलावल्या. गादीवाल्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत दर रविवारी जपानी दोरबंधाचा वर्ग भरायचा. शिबारी म्हणतात त्याला. तागाची, तेल लावून मऊ केलेली दोरी घ्यायची. एकाने बांधायचं, दुसऱ्याने आपखुशीने बांधून घ्यायचं. नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. बांधलेल्याने ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. का आणि कशाला, हे मागाहून.

बायको मधोमध चटईवर गुडघे टेकून बसली होती, हात पाठीमागे बांधलेले, पण आज तिचं मन दोरीत नव्हतं. कारण सकाळी मास्तरने गॅसवरचं तापलेलं झाकण उघड्या हाताने उचललं होतं. उचललं आणि आरामात ओट्यावर ठेवलं! बोटांना फोड आले तरी याला पत्ता नाही. “साखर वाढली की होतं असं, जाईल आपोआप,” म्हणून विषय झटकला. डॉक्टरांचं नाव काढलं तर अंगावर आला. आणि वर बोटांना पट्ट्या चिकटवून वर्गाला निघालासुद्धा.

एरवी दोरी अंगावर आली की तिला कुणी कुशीत घेतल्यासारखं व्हायचं. शिवणाचे ढीग, सासूबाईंची कुरकुर, सगळं मागे पडायचं. तिला हे आवडायचं, अगदी मनापासून. कुणाच्या भिडेने ती कधी दोरीत बसली नव्हती. आज बसली होती, आणि स्वतःवरच चिडली होती.

उजव्या दंडावरचा फेरा खाली घसरला होता, वर दोरीला पीळ पडलेला. मास्तर नेहमी फेऱ्याखालून बोट फिरवून बघायचा. आजही फिरवलं. बोट पिळावरून गेलं आणि तसंच पुढे सरकलं.

“छान बसलंय,” तो म्हणाला.

छान कसलं, डोंबल! दंडाच्या बाहेरच्या बाजूने हाताची नस जाते, ती दबली तर मनगट लुळं पडतं, कधी कधी कायमचं, हे तोच सगळ्यांकडून घोकून घ्यायचा. आणि तिचं सगळं काम त्या हातावर. लुळ्या मनगटाने कात्री काय कपाळ धरणार ती?

“आता वर घेऊ या,” मास्तरने तुळईच्या कडीतून दोरी ओढली. तिचे गुडघे चटईवरून सुटले. अंगाचा भार फेऱ्यांवर आला तशा अंगठ्याला मुंग्या आल्या. मग अंगठ्याशेजारच्या बोटाला.

म्हणावं? म्हटलं तर इतक्या लोकांसमोर याची शोभा. हा वर्ग म्हणजे याचा जीव की प्राण. आणि नाही म्हटलं तर हात जायचा. तिने बोट हलवून पाहिलं. हललं का नाही, तेच कळेना. 

“सोड,” ती म्हणाली.

मास्तर हसला. “ऐकलंत? अस्सं म्हणायचं! स्पष्ट, खणखणीत. लाजायचं नाही.”

भिंतीकडेचे हसले. एकाने टाळीसुद्धा वाजवली. आणि मास्तरने दोरी आणखी वीतभर ओढली.

तिला आधी खरंच वाटेना. इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तर ते नाटक ठरलं! मग तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“नाटक नाही हे, मेल्या! सोड!”

मास्तरचा चेहरा पांढरा पडला. दोरी त्याने लगेच सैल केली, तिला सांभाळून खाली टेकवलं. पण पाठीवरची गाठ सुटेना. बोटं गाठीवरून नुसतीच फिरत राहिली.

“अरे वर. वर! डावीकडे. तिथे नाही रे!”

“थांब, थांब,” तो पुटपुटत होता. त्याने कमरेची कात्री काढली, दंडाजवळ नेली आणि तिथेच थबकला. पात्यात दोरी आलीय की कातडी, हे त्याच्या बोटांना सांगता येईना. तिने श्वास रोखून धरला. 

मास्तरने कात्री सगळ्यांत जवळ बसलेल्या लायब्ररीतल्या बाईंपुढे धरली.

“तुम्ही कापा,” तो म्हणाला. “माझ्या बोटांना काही कळत नाही. बरेच दिवस झाले.”

बाईंनी पातं जपून दोरीखाली सरकवलं आणि एकेक फेरा कापला. दोरी पडली. तिने उजवा हात पुढे घेतला, मनगट उचललं. ते अर्ध्यावर आलं आणि लोंबलं. पुन्हा उचललं, पुन्हा लोंबलं. मास्तर खाली मांडी घालून तिचा दंड चोळत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. बऱ्याच वेळाने मनगट कसंबसं वर आलं आणि टिकलं.

“अरे, सकाळीच खरं सांगायचं ना मला,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

“आले असते की. आज मी तुला बांधलं असतं.”