नूपुरची पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना माइकस्टँड आहे आणि अजून ताठ उभा राहतो. भायखळ्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लालबागच्या आनंदाचा लाउडस्पीकरचा धंदा, त्याने मला आणलं. एका पाइपात दुसरा पाइप, मध्ये आवळायचा स्क्रू, एवढाच माझा देह. गाणारा उंच असो की बुटका, मी त्याच्या तोंडापर्यंत पोचायचो.

माझे खरे दिवस आले ते नूपुरमुळे. गिरगावची ही मुलगी तेरा वर्षांची असताना तिचं 'दप्तर फेक' हे गाणं असं गाजलं की विचारू नका. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि खणखणीत आवाज. गाण्याची पट्टी काळी पाच, म्हणजे चांगलीच उंच. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. दरवेळी तिची उंची जुळवत बसायला नको म्हणून आमच्या आनंदाने माझ्या पाइपावर लाल चिकटपट्टी गुंडाळली. त्या चिकटपट्टीलाही सगळे 'नूपुरची पट्टी'च म्हणत. मीसुद्धा तेव्हा भरपूर भाव खाल्ला.

पण मुलगी आहे, वाढणारच ना. ती उंच झाली, आवाज खाली उतरला, भारदस्त झाला. ती स्वतः गाणी रचू लागली. आयोजकांना मात्र वेण्यांचीच नूपुर हवी होती. तिने वेण्या घालायला नकार दिला, तशी बोलावणी आटली. बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी शिवडीच्या गोदामात झाली. ताडपत्रीखाली पडल्या पडल्या मला फार राग यायचा. आम्ही दोघं काही संपलो नव्हतो.

यंदा परळच्या एका मंडळाने तिला बोलावलं. वर्षभरातलं हे एकच बोलावणं. तिने आनंदाला फोन केला, "काका, आता नाचायचं नाहीये, उभं राहून गायचंय. आपला जुना स्टँड आणा."

स्टेजमागे मंडळाचा यशोधन आला. "ताई, 'दप्तर फेक'च घ्या. आणि त्याच पट्टीत हं. नाहीतर पुढच्या वर्षी आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"त्या पट्टीत गाणारी मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे."

"लोकांना काय त्याचं?"

पडदा उघडला. समोरून 'दप्तर फेक'चा गलका सुरू झाला. नूपुर सिंथेसायझरवाल्याकडे वळून म्हणाली, "पट्टी खाली घे रे."

ते आनंदाच्या कानावर पडलं. जुन्या सवयीने तो धावत आला आणि माझा स्क्रू सैल केला. मी सर्रकन लाल पट्टीवर आलो. माइक तिच्या छातीशी. लोक हसले. गायचं तर तिला वाकावं लागणार होतं.

ती वाकली नाही. "काका, सूर खाली घ्यायचाय," ती म्हणाली, "मान नाही."

माइक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. तिने मला दोन्ही हातांनी वर खेचलं आणि नखाने ती पट्टी सोलून काढली. आमच्या आनंदाने स्क्रू आवळला. माझे आटे झिजलेले. घसरलो असतो तर पुन्हा हशा. पण मी म्हटलं, तुकडे झाले तरी आज खाली येणार नाही.

ती स्वतःचं गाणं गायली. मागच्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. यशोधन तोंड फिरवून उभा राहिला. जे बसले ते शेवटपर्यंत बसले. मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, पुढच्या वर्षी आम्हाला कुणी बोलावेल की नाही, ठाऊक नाही. बोलावलंत तर माझ्या स्क्रूला थोडं तेल द्या. आणि मला लावण्याआधी समोर कोण उभं आहे ते नीट बघा. पट्टीचा चिकट डाग पाइपावर राहिलाय, तो पुसू नका. मी त्याच्या चांगला वीतभर वर उभा आहे.